पैलवानानं हाय खाल्ली

काचेचं दुकान चालवणाऱ्या दोघा भावांतल्या थोरल्याला सगळे पैलवान म्हणायचे. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता, नुसता अंगानंच तसा होता. दुकानांच्या दर्शनी काचा, खिडक्यांची तावदानं, आरसे, सगळं दोघं मिळून कापायचे आणि जागेवर नेऊन बसवायचे. पण वजन वाढत वाढत अशा थराला गेलं, की जिना चढताना काचेपेक्षा स्वतःचंच ओझं जड वाटायला लागलं. झोपेत श्वास अडकायचा. बायको दचकून उठायची आणि त्याला गदागदा हलवायची. शेवटी त्यानं मन घट्ट केलं आणि पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सुरुवातीला पातळ पदार्थ, मग मऊ, असं करत एका सकाळी बायकोनं ताटलीत उकडलेलं अंडं ठेवलं. पैलवानानं जुन्या सवयीनं अर्धं तोंडात टाकलं, जेमतेम चावलं आणि गिळलं.

ते छातीच्या मधोमध अडकलं. श्वास चालू होता, पण आतून कुणी मूठ दाबून धरावी तसं दुखत होतं. तोंडाला फेस सुटला. बेसिनला धरून तो उभा राहिला. बायको पाठ चोळत होती. बऱ्याच वेळानं ते उलटून पडलं तेव्हा तो फरशीवरच बसला.

"संपलो होतो मी आज," तो म्हणाला.

"घाई केलीत. बारीक बारीक घास घ्या, असं सांगितलं होतं ना डॉक्टरांनी?"

त्यानं मान हलवली, पण त्या दिवसापासून त्यानं हाय खाल्ली. अंडं, मासा, चिकन समोर आलं की छातीत ती मूठ आवळायची. चहात बुडवलेलं बिस्कीट, गाळलेलं सूप, आईस्क्रीम, एवढंच काय ते बिनबोभाट खाली उतरायचं. बायको रोज प्रोटीनची पावडर दुधात घुसळून द्यायची. त्या वासानंच त्याला मळमळायचं. तो ग्लास घेऊन न्हाणीघरात जायचा, नळ सोडायचा आणि ओतून द्यायचा.

वजन भराभर उतरत होतं. भेटेल तो कौतुक करायचा. "वा, पैलवान, निम्मा झालास की!" तोही हसायचा. रोज उशीवर केसांचे पुंजके सापडतात आणि खुर्चीतून उठताना टेबलाला धरावं लागतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग पाय सुजायला लागले. बूट चढेनात. मोजे काढले की पोटऱ्यांवर खोल वळ दिसायचे. पैलवानाची पाचावर धारण बसली. त्याला वाटलं, चरबी परत आली. पोट कापून घेतलं तरी आपलं नशीब काही बदलत नाही. म्हणून त्यानं होतं तेही कमी केलं. सूपसुद्धा अर्धं ठेवायला लागला.

असंच चाललेलं असताना एका दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यात मोठी काच बसवायची होती. दवाखाना वरच्या मजल्यावर, आणि लिफ्टमध्ये काच मावेना. नेहमी पैलवान खालच्या बाजूला असायचा, कारण जिन्यात भार खालच्यावर येतो. त्या दिवशी धाकटा म्हणाला, "दादा, तू वर हो. आज तुझा चेहरा बरा दिसत नाहीये."

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणत तो वर गेला खरा.

वळणापाशी काच तिरकी करायची होती. धाकट्यानं आवाज दिला, "धर घट्ट." पैलवानानं बोटं आवळायला घेतली, पण ती आवळलीच जाईनात. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. हातातून काच सरकतेय हे त्याला दिसत होतं, आणि खाली भावाचा मान वर करून बघणारा चेहरा दिसत होता.

"सोड! बाजूला हो!" तो ओरडला.

धाकटा भिंतीला चिकटला. काच त्याच्या अंगाला घासून गेली आणि पायऱ्यांवर फुटली. मग धाकट्याच्या बाहीतून रक्त ठिबकायला लागलं.

पैलवान त्याच्याकडे धावायला गेला आणि पायच उचलेना. काचांच्या ढिगात बसून तो नुसता म्हणत राहिला, "मान बघ. मानेला नाही ना लागलं? मान बघ आधी."

दोघांनाही हॉस्पिटलात नेलं. धाकट्याच्या दंडाला टाके पडले. मान वाचली होती. पैलवानाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खड्डा तसाच राहिला.

"काय खाता?"

"सगळं खातो."

"रोज प्रोटीनचा शेक देते मी," बायको म्हणाली. "एक दिवस चुकवलेला नाही."

पैलवानानं तिच्याकडे बघितलं नाही. "ओतून देतो मी तो," तो हळूच म्हणाला. "न्हाणीघरात."

बायकोनं पदर तोंडाशी नेला, आणि ते त्याला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बाई परत आल्या. "ही सूज चरबीची नाही. अंगात प्रोटीन उरलं नाही म्हणून पाणी साठलंय. बाहेरून मिळेना तेव्हा शरीरानं तुमच्याच स्नायूंवर हात मारलाय. हातातली काच निसटली ती त्यामुळे. असंच चालू राहिलं तर पुढचा नंबर हृदयाचा. तेही स्नायूच आहे."

पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस खाल्लं तर मरू म्हणून तो भीत होता. आता न खाल्लं तरी तेच.

त्याला दाखल करून घेतलं. आत कुठे अरुंद झालंय का ते दुर्बिणीतून पाहिलं. वाट मोकळी होती. बाई म्हणाल्या, "अडथळा पोटात नाही. आता हळूहळू सुरुवात करू."

आहार सांगणाऱ्या बाईंनी आधी घट्ट दही दिलं, मग मऊ मासा, मग अंडं. पावडरही बिनवासाची दिली, सूपात विरघळणारी. आधी प्रोटीन, बाकीचं मागून. जेवताना पाणी नाही. घासाची पार पेज होईपर्यंत चावायचं. अंड्याच्या दिवशी पैलवानाला दरदरून घाम फुटला. वाटाण्याएवढा तुकडा त्यानं चमच्यावर घेतला आणि नुसता बघत बसला. बायकोनं त्याचा दुसरा हात धरून ठेवला होता. समोर धाकटा बँडेज बांधून बसलेला.

"मी भितो रे," पैलवान म्हणाला.

"मीही भ्यालो होतो जिन्यात," धाकटा म्हणाला. "चाव."

त्यानं चावलं. गिळलं. डोळे मिटून वाट बघितली. तुकडा उतरला. मग दुसरा घ्यायला पुन्हा तेवढाच वेळ लागला.

सूज हळूहळू ओसरली. केस गळायचे थांबले ते बरेच महिने गेल्यावर. काच उचलायला डॉक्टरीणबाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं, म्हणून पैलवान दुकानात बसून नुसत्या काचा कापायचा.

एका दुपारी दोघं डबा खात होते. बोलण्याच्या नादात पैलवानानं माशाचा घास जरा मोठा घेतला आणि तो छातीत थबकला. तो ताडकन उठला. चेहरा पांढराफटक. टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागला, एक हात छातीवर. धाकटाही चमचा खाली ठेवून उभा राहिला. हाताशी फोन होताच.

थोड्या वेळानं पैलवान थांबला. एक लांब श्वास सोडला.

"गेला?" धाकट्यानं विचारलं.

"गेला."

"मग बस की. अजून निम्मं राहिलंय."

पैलवान बसला. त्यानं चमच्यानं माशाचा अगदी बारीक तुकडा तोडला.