माझं मुंगूस बैलाच्या पाठीवर

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. माझे कोपरे दुमडलेत, मधल्या पानावर वरणाचा डाग आहे. पण माझ्यातलं मुंगूस बघाल तर पोट धरून हसाल. भारी चोंबडं! बिळात, मडक्यात, धानाच्या ढोलीत, जिथे तिथे नाक खुपसतं, फजिती करून घेतं आणि शेवटच्या पानावर आईच्या कुशीत येऊन झोपतं.

छापखान्यात माझ्यावर रंग चढले, पाठीला टाचण्या बसल्या आणि गठ्ठ्यातून मी एस.टी.ने लाखांदूरच्या बाजारात आलो. तिथून हेमराजने मला लेकीसाठी, कामिनीसाठी घरी नेलं. कामिनी वाचायला शिकली ती माझ्यावरच. पुढे रोज संध्याकाळी ती धाकट्या अनुपला मला वाचून दाखवू लागली. अनुपला अक्षर येत नाही, पण शेवटचं पान आलं की तो चित्रावर तळवा ठेवून म्हणायचा, "आला घरी." मग तो जेवायला उठायचा. त्या तळव्यासाठी तर मी जगत होतो.

यंदा पोळ्याच्या आधी तेजराम सुताराने कामिनीला लाकडी बैल करून दिला. सागाचा, चार चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. आला तसा घरभर त्याचाच उदो उदो! मी फळीवर पडून बघत होतो. अरे, आहे काय त्या ठोकळ्यात? उघडता येत नाही, वाचता येत नाही, पोटात एक अक्षर नाही. मी जळून कोळसा झालो. त्याचं एखादं चाक निखळावं, असंही मनात आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली पोरं आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात आणि छान सजलेल्याला बक्षीस मिळतं. कामिनी बैलाची झूल शिवायला बसली. तिची आई रुखमिणी नेहमी सांगायची, की वाटेत मुंगूस दिसलं तर काम फत्ते होतं. कामिनीच्या डोक्यात आलं, परीक्षकांना झुलीवर मुंगूसच दिसलं तर? आई चुलीशी वडे तळत होती. पोरीने कात्री आणली.

मित्रांनो, पहिलं पान कापलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. तिने शेवटचं उघडलं, कारण तिथलं मुंगूस सगळ्यांत मोठं होतं. कापलं आणि भाताच्या शितांनी झुलीवर डकवलं.

बैलाचा पहिला नंबर आला. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत तो दारोदार फिरला, बायांनी त्याला ओवाळलं. मुंगूस माझं आणि टाळ्या त्याला!

संध्याकाळी अनुपने मला ओढत आणलं. कामिनी वाचत वाचत शेवटच्या पानाशी आली. अनुपने तळवा ठेवला, तो थेट भोकात गेला.

"मुंगूस कुठी गेला?"

"बैलावर हाये."

"मंग घरी काहून नाई आला?"

अनुप रडू लागला, जेवायलाही उठेना. रुखमिणीने येऊन भोक पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कायले कापलं व पुस्तक? मुंगूस दिसला तर शुभ असते, कापला तर नाई."

कामिनीने चित्र सोडवायला बघितलं, पण शितं वाळून घट्ट झाली होती, कडा फाटू लागल्या. मग डोळे पुसत तिने बैल उचलला आणि माझ्या शेवटच्या पानावर, भोकावर, आडवा निजवला. झुलीवरचं मुंगूस वर आलं. अनुपने त्यावर तळवा ठेवला. "आला घरी," म्हणाला आणि जेवायला उठला.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. तो ठोकळा माझ्या छातीवर लोळतो, त्याचं शिंग टोचतं, आणि अनुपचा तळवा पडतो तो त्याच्या झुलीवर. मी अजून जळतो, का नाही जळणार? परवा कामिनीने बैल शेजारच्या मेघाला खेळायला दिला होता. गोष्ट शेवटच्या पानाशी येऊन अडली. अनुप दाराकडे बघू लागला आणि त्याच्याही आधी मी.

म्हणून सांगतो मित्रांनो, चित्र आवडलं तर पातळ कागद ठेवून खुशाल गिरवा, पण कात्री लावू नका. एक पान कापलं की पुस्तकाला जन्मभर आपल्या वैऱ्याची वाट बघावी लागते.