राहून गेलेलं बोलणं

मी बाक बोलतोय, लाकडाच्या वखारीतल्या ऑफिसातला. माझ्यावर बसून झालेली बोलणी मी आजवर मुकाट ऐकली. आज सांगणार आहे ते मात्र झालंच नाही.

मला घडवलं काकांनी, उरल्यासुरल्या फळ्यांतून. काका मोठ्या करवतीवरचे जुने कारागीर. सुपरवायझर बाई वखारीत नवख्या आल्या, तेव्हा लाकूड कसं ओळखायचं ते त्यांना काकांनीच शिकवलं. बाई पुढे त्यांच्या वरच्या जागी गेल्या, तरी काकांच्या तोंडी 'पोरी'च राहिलं.

मग काकांची नजर अधू झाली. आखलेली रेघ एकीकडे, करवत भलतीकडे. दोन ओंडके वाया गेले, तेव्हा मालकांनी बाईंना बजावलं, काकांना करवतीवरून उतरवा, फाटकावर बसवा.

बाईंनी काकांना बोलावलं. लेकीच्या बाळंतपणाची चौकशी केली, गुडघ्यांना औषध सुचवलं आणि "जरा जपून हं, काका" एवढंच म्हणून कागदांत डोकं घातलं. काका लगेच उठले नाहीत. चष्मा पुसत बसून राहिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. माणसं जिभेवर आलेला शब्द गिळतात आणि त्यालाच माया म्हणतात.

तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "उद्या बोलू." त्याच दुपारी करवतीने काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

दीड महिन्याने काका निरोप घ्यायला आले. हाताला अजून पट्टी होती. बाईंना त्या हाताकडे बघवेना.

"मला वाटलं, सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल," बाई म्हणाल्या.

बोलावणं कशासाठी असायचं ते आपल्याला कळत होतं, काका म्हणाले, पण दिसत नाही हे आपल्या तोंडाने सांगायची लाज वाटली. मग उठता उठता म्हणाले, "वाईट वाटलं असतं, पोरी. आठ-दहा दिवस."

ते परत आले नाहीत.

आता माझे खिळे वर आलेत, एक पाय डुगडुगतो. बाई हल्ली टेबलामागे बसत नाहीत. ज्याला बोलावलं त्याच्या शेजारी, माझ्यावरच बसतात आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं ते सांगतात. कुणी रडतं, कुणी भांडतं. बाहेर गेल्यावर 'हिला काळीजच नाही' म्हणतात. दाराआडून बाईंना ते ऐकू येतं.

तुम्हालाही कुणाला असंच काही सांगायचं असेल. बोलावलंत, तर सांगितल्याशिवाय उठू देऊ नका.