पाणी डाव्या हाताला

मित्रांनो, मी एक जुना धावण्याचा बूट आहे. डाव्या पायाचा. माझा जोडीदार उजव्या पायाचा. तो सदैव माझ्या शेजारीच असतो, पण बोलायचं काम आमच्यात मीच करतो. त्याला बोलू दिलं, तर तो आपली टाच किती झिजली एवढंच सांगत बसेल.

माझा जन्म कोल्हापूरचा नाही. कुठल्याशा मोठ्या कारखान्यात एका यंत्रानं मला कापलं, दुसऱ्यानं शिवलं, तिसऱ्यानं तळवा चिकटवला. मग पातळ कागदात गुंडाळून मला खोक्यात घातलं. डोळे उघडले ते कोल्हापुरातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. शेजारी पोपटी आणि भगव्या रंगाचे झगमगीत बूट होते, मी आपला करडा, अंगावर एक निळी रेघ. गिऱ्हाईक मला उचलायचं, वाकवून बघायचं आणि परत ठेवून द्यायचं. तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी फक्रुद्दीनचाचा आले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांचा जन्म गेला होता. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, हे त्यांचं काम. एवढी वर्षं पायात जाडजूड, पुढे लोखंडी वाटी बसवलेले बूट. नोकरी संपली त्याच आठवड्यात ते दुकानात शिरले. मला घालून त्यांनी दोन उड्या मारल्या आणि दुकानदाराला म्हणाले, "पायात काय घातलंय असं वाटंनाच की! हेच द्या." मित्रांनो, माझं कौतुक झालं ते असं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा रंकाळा सुरू झाला. तलावाला पळत वळसा घालायचा आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं. तिथं बाळासो नावाचे चाचांचे दोस्त भेटायचे. दुधाचा धंदा, आवाज असा की त्यांनी हळू बोललेलंही पलीकडच्या काठाला ऐकू जावं. नवीन कोणी पळायला आलं आणि वाट विचारू लागलं, की चाचांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पाणी डाव्या हाताला ठिवायचं आणि पळत सुटायचं. माणूस चुकत न्हाय." आणि खरंच कोणी चुकायचं नाही. मी डाव्या पायाचा, त्यामुळे पाण्याच्या अंगाला कायम मीच. या मानाचा मला थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोलू?

चाचा आमची निगाही राखायचे. जुन्या ब्रशनं चिखल काढायचे, ओले झालो तर पोटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायचे. तळवा सुटला की नईम चांभाराकडं नेऊन शिवून आणायचे. चाचांची बायको फातिमाबी गेल्यानंतर घरात चाचा आणि त्यांची मुलगी अर्शी, दोघंच होती. अर्शी बँकेत नोकरी करते. सकाळी चाचा आम्हाला घालून दाराबाहेर पडले, की ती आतून ओरडायची, "सावकाश जावा!" आणि चाचा मुद्दाम जिना दणदण उतरायचे.

मग एका सकाळी चाचा घराची गल्ली चुकले. रोजची गल्ली, रोजचं वळण. पण ते सरळ पुढं गेले आणि कुणाच्या तरी फाटकापाशी गोंधळून उभे राहिले. शेजारच्या एकानं त्यांना घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, तपासणीत काळजीसारखं काही दिसत नाही, पण एकट्यानं फार लांब जाऊ नका. अर्शीनं मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "अब्बा, एक डाव झालं, सोडून दिलं. परत असं झालं तर हे बूट माळ्यावर. मग माझ्याशी वाद घालायचा न्हाय." 

त्यानंतर बरेच दिवस आम्ही खाटेखाली पडून होतो. माझ्यावर धूळ साचली आणि जोडीदाराच्या पोटात एका कोळ्यानं संसार थाटला. खाटेच्या काठावर बसून चाचा पाय हलवत राहायचे. त्या पायांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, पण मी काय करणार?

अशात बाळासो एक बातमी घेऊन आले. रंकाळ्यावरची सगळी पळणारी मंडळी मालवणला निघाली होती. तिथं क्रांती नावाची एक मुलगी पाहुण्यांना धावत धावत गाव दाखवते. आपण तिच्या मागं पळायचं, ती थांबेल तिथं थांबायचं, त्या जागेची गोष्ट ऐकायची, की पुढं पळायचं. अर्शीनं बराच विचार केला. शेवटी म्हणाली, "मी बी येतो. नीट पळून आलासा, तर रंकाळा परत सुरू. चुकलासा, तर माळा." चाचांनी लगेच खाटेखाली हात घातला. कोळ्याचा संसार मोडला आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. पहाटेच्या उजेडात बंदरावर सगळे जमले होते. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उभा होता. क्रांती चुणचुणीत, गळ्यात शिट्टी, बोलताना जागच्या जागी उड्या मारणारी. तिनं बजावलं, "कोणी मागे राहायचं नाही. बाळासोकाका, तुम्ही सगळ्यांच्या शेवटी पळा." अर्शी बाजारपेठेतल्या एका हॉटेलात चहा घेत थांबणार होती, कारण फेरी तिथं संपायची होती.

क्रांती किल्ल्याची गोष्ट सांगू लागली. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय असं लोक सांगतात, असं ती म्हणाली मात्र, चाचांचे कान उभे राहिले. "शिसं वितळवायला भट्टी कुठं लावली असंल?" ते पुटपुटले. बाकीच्यांना तटबंदी दिसत होती, यांना भट्टी! तेवढ्यात त्यांची नजर धक्क्यावरच्या एका खांबावर गेली. होड्यांचे दोर बांधायचा जुना, बुटका, बिडाचा खांब. चाचा तिथं गेले, गुडघ्यावर बसले आणि साच्याच्या दोन भागांचा सांधा कुठं आहे ते गंजावरून बोट फिरवून शोधू लागले.

शिट्टी वाजली. सगळे पळाले. शेवटी राहायचं काम बाळासोंचं, पण त्यांना सकाळी दुधाची धार समोर काढून ताजं, फेसाळ दूध प्यायची कोल्हापुरी सवय. ते कुठं मिळेल हे विचारायला ते धावत क्रांतीला गाठायला पुढं गेले होते. चाचांना सांधा सापडला. त्यांनी खुशीत मान वर केली, तर धक्क्यावर आम्ही तिघंच. चाचा, मी आणि माझा जोडीदार.

मंडळी गावात बाजारपेठेकडं वळली होती. चाचांना ते कसं कळावं? फोन अर्शीच्या पर्समध्ये. पण ते जराही घाबरले नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी समुद्राकडं पाहिलं आणि अंगठ्यानं मला आतून एक ढुशी दिली. "पाणी डाव्या हाताला," ते म्हणाले आणि पळत सुटले.

मित्रांनो, समुद्राला वळसा घालायला निघालेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी त्याच्या पायात होतो. खरं सांगतो, त्या वेळी मलाही ते बरोबरच वाटलं. आम्हाला माहीत असलेलं पाणी गोल होतं.

आधी रस्ता होता, मग वाळू लागली. वाळू माझ्या पोटात शिरली, एका लाटेनं मला भिजवलं, खारं पाणी शिवणीत गेलं. नईमनं शिवलेला तळवा पुढून सुटला आणि माझं तोंड उघडं पडलं. चाचा पळतच होते. किनारा काही वळत नव्हता. ऊन वर आलं. मग एक खाडी आली, खाडीवर पूल आला आणि पुलाच्या मध्यावर चाचा एकदम थांबले. डावीकडं पाणी होतं. उजवीकडंही पाणी होतं.

ते कठड्याला धरून उभे राहिले. एकदा डावीकडं वळले, एकदा उजवीकडं; कुठलं पाणी धरायचं ते त्यांना कळेना, हे मी आतून ओळखलं. एक मच्छीमार मोटरसायकल थांबवून खाली उतरला.

"काका, खंयसून इलात?"

"कोल्हापूरस्नं."

"धावत?"

त्याही अवस्थेत चाचांना हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "ह्या पाण्याला वळसा घालून परत बंदरावर जायाला किती येळ लागंल?"

मच्छीमारानं समुद्राकडं पाहिलं, मग चाचांकडं. "वळसो? काका, ह्या दर्याक वळसो खंयचो?" पण तो हसला नाही. भला माणूस. म्हणाला, "बसा गाडयेर. मी सोडतंय तुमका बंदरार."

मित्रांनो, चाचांनी हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. मागं पडलो होतो, आलो आपला हळूहळू, असं अर्शीला सांगता आलं असतं. चाचांचा एक पाय गाडीकडं वळलाही, तो मीच होतो. पण मग ते मागं सरले. "न्हाय बाबा. माझी पोरगी मला हुडकत येईल. मी हलल्यावर ती कुठं हुडकणार?" असं म्हणून ते पुलाच्या टोकाला एका दगडावर बसले. मच्छीमारानं आपली पाण्याची बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि तो गेला.

इकडं काय झालं ते मला परतीच्या गाडीत कळलं. चाचा नाहीत म्हटल्यावर अर्शी चहा तसाच टाकून उठली. क्रांती गल्ल्यांमध्ये शोधायला निघाली. तेव्हा बाळासो म्हणाले, "गल्लीत न्हाय गावायचा त्यो. फक्रुद्दीन पाणी डाव्या हातालाच ठिवणार. दुसरं काय करायचाच न्हाय त्यो!" अर्शीनं ऐकलं आणि किनाऱ्याकडं धाव घेतली. जी कधी बससाठीही पळाली नव्हती, ती.

आम्हाला ती लांबून दिसली. ओढणी कमरेला खोचलेली, चपला हातात, आणि मागून धापा टाकत बाळासो. चाचा उठले नाहीत. ती जवळ आल्यावर म्हणाले, "हितंच बसलोय बघ. जत्रंत हात सुटला तर जाग्यावर हुबं ऱ्हायचं, असं तुला सांगायचो न्हाय का? तसं."

अर्शीच्या ओठांवर रागाचं काहीतरी तयार होतं. ते तिथंच अडलं. तिनं हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग म्हणाली, "बूट काढा."

"अगं, चूक माझी हाय," बाळासो मधे पडले. "मी दुधाच्या नादात—"

"काका, तुमी थांबा जरा."

चाचांनी वाकून माझी नाडी सोडली. एवढी सावकाश त्यांनी ती कधीच सोडली नव्हती. ठरलं होतं ते ठरलं होतं. त्यांनी आम्हा दोघांना हातात धरून पुढं केलं आणि तेव्हा त्यांना तिचे पाय दिसले. वाळूतल्या शिंपल्यांनी कापलेले, रक्ताळलेले.

"या अल्ला! अशी अनवाणी पळालीस व्हय?" त्यांनी तिला हाताला धरून दगडावर बसवलं, मच्छीमाराच्या पाण्यानं तिचे पाय धुतले, मला उलटं करून वाळू झटकली आणि मला तिच्या पायात घातलं. तिला मी मोठा होत होतो, म्हणून नाडी करकचून बांधली. अर्शी त्यांच्या डोक्याकडं बघत राहिली आणि मग तिला रडू आलं. खूप रडू आलं. चाचा म्हणाले, "बूट चावतोय का?" ती रडता रडता हसली.

परत येताना ती आम्हाला घालून चालली आणि चाचा तिच्या चपलांमध्ये टाचा बाहेर काढून. थोडं अंतर गेल्यावर ती थांबली. "अब्बा, हे बूट एका अंगाला कलतात की! कायम एकाच बाजूनं फिरून फिरून वाकडं झाल्यात." बाळासोंनी खाली वाकून आपले बूट पाहिले. तेही वाकडेच होते.

मित्रांनो, मी माळ्यावर गेलो नाही. नईमनं माझं तोंड पुन्हा शिवलं. त्या आठवड्यात अर्शीनं स्वतःसाठी बूट आणले, थेट पोपटी, आणि एका सकाळी ती रंकाळ्यावर चाचांसोबत उभी राहिली. म्हणाली, "आज उलट्या अंगानं."

"तसं कोण फिरत न्हाय."

"आपण फिरूया की."

निघालो. आणि काय सांगू, एवढी वर्षं ज्यांच्या नुसत्या पाठी माहीत होत्या ती सगळी माणसं समोरून येऊ लागली! एक गृहस्थ चाचांना म्हणाले, "पावणं, नवीन दिसतासा." चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "रोज तुमच्या मागं असतोय की!" बाळासोंचं पोटही मी तेव्हाच पहिल्यांदा समोरून पाहिलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. एखादी जुनी वस्तू एकदा चुकली, अडली, तर लगेच तिला माळ्यावर टाकू नका. आधी पायात घालून चार पावलं चाला, ती कुठं कलते ते बघा. माणसांचंही तसंच करा.

आता पाणी उजव्या हाताला असतं. माझा तो मान जोडीदाराला मिळाला आणि त्याची बडबड वाढली. मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या अंगाला, चाचांच्या डाव्या हाताला, आता अर्शी असते.