दाबा आणि दिवा विझेपर्यंत थांबा

मी रस्ता ओलांडायचं बटण बोलतोय. हो, तेच ते, पांढऱ्या पट्ट्यांच्या टोकाला खांबावर बसवलेलं, वाटीएवढं, पिवळ्या पेटीतलं. माझ्या डोक्यावर पाटी आहे : ‘बटण दाबा. लाल दिवा विझेपर्यंत थांबा. मग ओलांडा.’ अक्षर सुरेख आहे. मजकूर धडधडीत खोटा आहे. माझ्या पोटात तारच नाही.

माझा जन्म झाला तो समोरच्या इमारतीमुळे. अकरा मजली, काचेची, आणि दर्शनी भिंतीवर खालपासून चौथ्या मजल्यापर्यंत झाडंच झाडं. ‘हरित इमारत’ म्हणतात तिला. हरित म्हणवून घ्यायचं तर प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणपत्राला गुण लागतात. झाडांचे गुण मिळाले, छतावरच्या सौर पट्ट्यांचे मिळाले. तरी दोन गुण कमी पडले. मग कुणाला तरी आठवलं की पायी येणाऱ्यांसाठी रस्ता ओलांडायची सोय केली तर नेमके दोनच गुण मिळतात. तळघरात दोन मजले मोटारींसाठी खोदून झाल्यावर साहेबांना चालणारी माणसं आठवली!

खरं तर माझ्यापासून चौकातल्या सिग्नलच्या पेटीपर्यंत रस्त्याखालून तार जायला हवी होती. मला दाबलं की मिनिटाभरात तिकडे मोटारी थांबायच्या, असा बेत. पण मला बसवायच्या आदल्याच आठवड्यात रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं. “तीन वर्षं खोदायला परवानगी नाही,” रस्तेवाले म्हणाले. “मग दिवा तरी पेटू दे,” इमारतीचा व्यवस्थापक म्हणाला. इलेक्ट्रिशियननं माझ्या पोटात एक बॅटरी ठेवली, मिनिटभर पेटून आपोआप विझणारा लाल दिवा जोडला आणि झाकण लावलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तपासनीस आला, त्यानं मला दाबलं, दिवा लागला, दिवा विझला. त्यानं कागदावर बरोबरची खूण केली. रस्त्याकडे त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

बाकीचे लोक लबाडी आठवड्याभरात ओळखून गेले. दाबतात, कारण हाताला चाळा हवा. आणि दिवा लाल असतानाच गाड्यांमधून सुसाट पळतात. कुणी मला कोपरानं दाबतं, कुणी छत्रीच्या टोकानं. एकानं चघळून झालेला च्युइंगगम माझ्या गालावर चिकटवला, तो अजून आहे. मला त्याचा राग येत नाही. माझी लायकी तेवढीच आहे.

मला खरोखर छळलं ते एका सज्जन माणसानं.

हे आजोबा माझ्याच बाजूच्या गल्लीत राहतात. रेल्वेत सांधेवाला म्हणून उभा जन्म काढलेला माणूस : गाडी कुठल्या रुळावर जाणार ते त्यांच्या हातातल्या दांड्यावर ठरायचं. त्यांची सून समोरच्या इमारतीच्या त्या झाडांच्या भिंतीची माळीण. शिडीवर चढून दिवसभर पानं पुसते, वाळलेली रोपं उपटून नवी खोचते. दुपारी साडेबाराला आजोबा तिचा गरम डबा घेऊन यायचे. खिशातून फडकं काढून आधी मला पुसायचे, मग अंगठ्यानं नीट दाबायचे आणि दिवा विझेपर्यंत ताठ उभे राहायचे. दिवा विझला की उजवा हात वर करून, समोर बघत, सरळ चालायला लागायचे.

सरळ! डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सिग्नल मिळालेल्या माणसानं इकडेतिकडे कशाला बघायचं?

ब्रेक करकचून लागायचे, शिव्या ऐकू यायच्या. आजोबा पलीकडे पोचून वळायचे आणि म्हणायचे, “लाल दिसत नाही का रे तुम्हाला?” त्यांना वाटायचं, मोटारवाले सिग्नल तोडतायत. मोटारवाल्यांना सिग्नल होताच कुठे? रोज त्या तीस पावलांत माझा जीव टांगणीला लागायचा. ओरडायला मला तोंड नाही, आणि जे एक तोंड आहे ते फक्त लाल होतं.

“बाबा, त्या बटणाचं काही खरं नाही हो,” सून एकदा म्हणालीच. “तुम्ही आपले गाड्या बघून या.”

“सूनबाई,” आजोबा म्हणाले, “सदतीस वर्षांत मी सिग्नलवर संशय घेतला नाही. सिग्नलवर संशय घ्यायला लागलं ना, की गाडी चालत नाही. समजलं?”

ती हसली. मी मात्र शरमेनं मेलो.

आणि एके दिवशी व्हायचं तेच झालं. दिवा विझला, आजोबा निघाले, आणि समोरच्याच तळघरातून एक मोटार उसळून बाहेर आली. मागच्या काचेवर हरित इमारतीचं हिरव्या पानाचं चित्र चिकटवलेली. ती त्यांना नुसती खेटली. डबा घरंगळत गेला, जेवण डांबरावर सांडलं, आजोबा मनगटावर पडले. सून शिडीवरून उतरून धावत आली. गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, “काका, बघून चालता येत नाही का?” आणि काच वर करून गेला.

प्लास्टरमधला हात गळ्यात घेऊन आजोबा चौथ्या दिवशी हजर! सुनेनं घरी किती डोकं आपटलं असेल ते तीच जाणे. “चूक माझीच,” मला पुसत ते पुटपुटले. “दिवा विझल्यावर मी फडकं खिशात ठेवत बसलो. उशीर केला.” ऐकलंत? माझ्या थापेचं खापर त्या माणसानं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. थुंकता आलं असतं तर मी स्वतःवरच थुंकलो असतो.

प्रमाणपत्राला तीन वर्षं होत आली, फेरतपासणीची तारीख ठरली. म्हणून तोच इलेक्ट्रिशियन माझी बॅटरी बदलायला आला. आजोबा डबा घेऊन तिथेच उभे होते. झाकण उघडलं तसे ते जुन्या सवयीनं आत डोकावले. बराच वेळ बघत राहिले.

“तार कुठाय?” त्यांनी विचारलं.

“तार नाही काका. सर्टिफिकेटपुरतं आहे ते.”

“म्हणजे दाबलं की तिकडे मोटारी...?”

“तिकडे काही होत नाही. इथे दिवा लागतो, इथेच विझतो.” तो स्क्रू पिळत होता. “तुम्ही काय खरंच थांबत होता की काय?”

आजोबांचा चेहरा मला त्या दिवशी बघवला नाही. त्यांनी मला पुसलं नाही. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, घाबरत घाबरत रस्ता ओलांडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन लाकडी पट्ट्या आणल्या, एकमेकींवर फुलीसारख्या ठोकलेल्या. रेल्वेत जो सिग्नल वापरात नाही त्यावर अशी फुली मारतात, म्हणजे कुणी चुकूनही त्याच्यावर विसंबत नाही. एका हातानं आणि दातांनी सुतळी ओढत त्यांनी ती फुली माझ्या तोंडावर बांधली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

तपासणीच्या दिवशी सकाळी व्यवस्थापक आला. समोरून इथवर यायला तोसुद्धा मोटारीनं आला, चौकाला वळसा घालून. “कुणी केला हा घाणेरडेपणा?” म्हणत त्यानं फुली उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तेवढ्यात तपासनीसही येऊन दाखल झाला. त्यानं मला दाबलं. दिवा लागला, दिवा विझला. पेन कागदावर टेकलं.

“साहेब,” मागून आवाज आला. आजोबा होते, डबा घेऊन. “दिवा विझला. आता ओलांडून दाखवा की.”

“हे कोण?” साहेबांनी विचारलं.

“असेच... कुणीतरी,” व्यवस्थापक म्हणाला.

पण लोक थांबून बघायला लागले होते. तपासनीस पट्ट्यांवर उतरला. एक ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला. तो मागे सरला. मला पुन्हा दाबलं, पुन्हा मिनिटभर थांबला, पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा मागे उडी. तिसऱ्यांदा त्यानं नुसतं घड्याळ पाहिलं. व्यवस्थापकानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग दोघंही मोटारीत बसले, चौकाला वळसा घातला, आणि तीस पावलांवरच्या दारात आठ मिनिटांनी उतरले. गाडीत बसता बसता तपासनीसानं बरोबरची खूण केली. मी डोळ्यांनी पाहिली.

वाटलं होतं, आता तरी लाज वाटेल. कसली लाज आणि कसलं काय!

समोर सून शिडीवर उभी राहून सगळं बघत होती. ती उतरली, गाड्या बघत बघत इकडे आली आणि कचऱ्यात हात घालून तिनं फुली बाहेर काढली. “बाबा, तुम्ही धरा,” म्हणाली. “गाठ मी मारते.” नोकरी जाईल याची तिला कल्पना होती. तरी तिनं चांगली तिहेरी गाठ मारली. मग सासऱ्यांचा धड असलेला हात धरून ती पलीकडे गेली, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे बघत.

तिकडे इमारतीच्या दर्शनी दालनात नवं प्रमाणपत्र लागलंय म्हणतात. ‘पायी चालणाऱ्यांची काळजी घेणारी इमारत.’ मी अजून इथेच आहे, फुलीखाली. व्यवस्थापक ती दोनदा काढून गेला, ती दोनदा परत बांधली गेली. दुसऱ्यांदा बांधली तेव्हा सून माळीण राहिली नव्हती. तिच्या भिंतीवरची रोपं आता वाळायला लागली आहेत.

माझं मागणं एवढंच. रस्ता खोदा आणि माझ्या पोटात तार घाला, नाहीतर मला मुळासकट उपटून भंगारात द्या. दोन्ही जमणार नसेल, तर निदान ही फुली तरी काढू नका. जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलतोय. आणि सवयीनं कुणाचं बोट पुढे आलंच, तर बाबांनो, मला दाबू नका. रस्त्याकडे बघा.