विटकरी रंगाचं घर

आईचे डोळे गेलेत, असा माझ्या थोरल्याला जुना संशय. गेलेले नाहीत. माणसांचे चेहरे पुसट झालेत एवढंच, आणि काही चेहरे पुसटच बरे. पण गडद-फिकट मला कळायचं. त्या जोरावर हे गेल्यानंतर मी एकटीने घर चालवत होते. पांढऱ्या भिंतीत काळा दरवाजा, करड्या फरशीवर लाल स्टूल आणि स्वयंपाकघरात उतरायच्या पायरीच्या काठावर यांनी स्वतः ओढलेला निळा पट्टा. पट्टा वाकडातिकडा होता, पण मला दिसायचा. खरं किती कमी दिसतं, ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर थोरल्याने त्याच दिवशी माझी रवानगी वृद्धाश्रमात केली असती. जागा त्याने बघूनच ठेवली होती.

मग धाकटी आली. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ताट वाढलं तसं परत यायचं. मी समजावलं, रागावले, तिच्यासमोर रडलेसुद्धा. एका सकाळी ती आपणहून उठून बसली.

"आई, किती मेल्यासारख्या भिंती आहेत गं या! आत पाऊल टाकलं की ऊब वाटायला हवी."

"मग कर की तुझ्या मनासारखं," मी म्हटलं. पोरीच्या पोटात चार घास जाणार असतील, तर तिने घराला काळं फासलं असतं तरी माझी ना नव्हती.

काळं परवडलं असतं. तिने विटकरी आणला. पडदे सोफ्याला जुळणारे, सोफा भिंतीला, भिंत फरशीभर अंथरलेल्या गालिच्याला. दारं विटकरी, स्टूल विटकरी, पायरीसुद्धा. अंगावर रंगाचे शिंतोडे घेऊन ती दिवसभर शिडीवर चढलेली असायची, गुणगुणायची, मधेच उतरून "भूक लागली" म्हणायची.

"पायरीवरचा तो निळा पट्टा खरवडून टाकला हं. कसला भयंकर दिसत होता!"

त्या पट्ट्यावाचून मला पायरी दिसणार नव्हती. पण ती गुणगुणत होती. "बरं केलंस," मी म्हटलं.

काम संपल्यावर तिने मला खोलीच्या मधोमध उभं केलं. "कसं वाटतंय?"

मला दार दिसेना, सोफा दिसेना, फरशी कुठे संपते ते कळेना. स्वतःच्या घरात मी हरवले होते आणि मला भयंकर भीती वाटत होती.

"डोळे निवले गं," मी म्हटलं. तिने मला घट्ट मिठी मारली.

त्यानंतर मी भिंत चाचपत फिरायची. स्टुलाने नडग्या फोडल्या, दाराने कपाळ. "धांदरटच आहेस तू," धाकटी हसायची. तिने घराचे फोटो कुणाकुणाला पाठवले, आणि घरं सजवून देणाऱ्या एका बाईंनी तिला परगावी कामाला बोलावलं. निघायच्या दिवशी ती बॅग भरत होती. मी चहा टाकायला निघाले, आणि जिथे फरशी आहे असं वाटलं तिथे पायरी होती. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात, आजी?"

थोरला उशाशी होता, धाकटी पायाशी. पायरी दिसली नाही, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पायरीवर पुन्हा पट्टा आला असता आणि मी घरी गेले असते. पण का दिसली नाही, हे धाकटीला तिथल्या तिथे कळलं असतं. ती पुन्हा अंथरुणाला खिळली असती, आणि या खेपेला माझ्यामुळे.

"चक्कर आली," मी म्हटलं.

"आधीही यायची?" थोरल्याने विचारलं.

"अधूनमधून."

"बघा! तरी मी म्हणत होतो, हिला एकटं ठेवायला नको." त्याच्या आवाजात काळजी होती की सुटका, देव जाणे. धाकटीला मीच दटावून कामावर पाठवलं.

आता मी वृद्धाश्रमात असते. धाकटी परवा भेटायला आली. अंगाने भरली आहे, आवाज खणखणीत झालाय. घर भाड्याने गेलं म्हणाली. पहिलंच कुटुंब बघायला आलं आणि रंग बघून तिथेच हो म्हणालं.

"जागा सुटली गं तुझी," ती माझा हात कुरवाळत म्हणाली. "पण निदान थोडे दिवस तरी सुंदर घरात राहिलीस ना, आई?"

"राहिले की," मी म्हटलं. ती गेल्यावर पोटभर रडून घेतलं.