क्रेनवाल्या काकांचा गुडघा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना व्हीआर हेडसेट आहे, म्हणजे खोटं जग खऱ्यासारखं दाखवणारं, डोळ्यांवर बांधायचं जाडजूड खोकं. कारखान्यातून निघालो तो थेट खेळांच्या दुकानात गेलो. तिथे दोन वर्षं मुलांना राक्षस दाखवले. मग एका समुपदेशक ताईंनी मला विकत घेतलं. लोकांना आपल्या मनात काय चाललंय ते उमगावं, हे माझं नवं काम. राक्षस तेच, फक्त त्यांचा पत्ता बदलला.

मला घालून मोठी माणसं खोलीत नसलेल्या दारातून वाकून जातात, भिंतीला सॉरी म्हणतात. मी हसत नाही. माझा पंखा तेवढा जोरात फिरतो.

एकदा उंच क्रेन चालवणारे काका आले, सोबत काकू. वादळी वाऱ्यात क्रेन हेलकावली होती, तेव्हापासून शिडीजवळ गेलं की काकांचा गुडघा दुखायचा. तीन डॉक्टरांनी गुडघा ठणठणीत ठरवला, म्हणून काका तिघांवरही नाराज होते. पुढच्या सोमवारी चढले नाहीत, तर बावीस वर्षं चालवलेली क्रेन दुसऱ्याच्या हाती जाणार होती. काकूंचं म्हणणं, ह्यांना जे काही होतं ते गुडघ्याला, मनाला कधीच काही नाही.

ताईंनी काकांना खुर्चीत बसवलं आणि मला त्यांच्या डोळ्यांवर चढवलं. मी हुबेहूब शिडी उभी केली. बटण दाबलं की एक पायरी वर. काका झपाझप निघाले. चाळिसाव्या पायरीवर मी वारा सोडला आणि त्यांच्या कपाळाला दरदरून घाम फुटला.

"थांबवा. गुडघा दुखतोय."

"काका, तुम्ही खुर्चीत बसलाय," ताई म्हणाल्या.

काकांनी हात खाली नेऊन गुडघा चाचपला. तो बिचारा आरामात होता.

"मग हे काय होतंय?"

"तुम्हीच सांगा."

"भीती असेल," काका म्हणाले. मग गुडघ्यावरचा हात उचलत, "भीतीच आहे."

मित्रांनो, मला उडी मारावीशी वाटली, पण वायर आडवी आली.

मग आम्ही रोज चढलो. भीती यायची, काका तिला ओळखायचे, श्वास घ्यायचे, पुढची पायरी गाठायचे. शनिवारी केबिनमध्ये पोचलो तेव्हा माझा पंखा असा गरगरला, की ताईंना वाटलं मी गेलोच.

सोमवारी मी कपाटात होतो. मला कान नाहीत, स्पीकर आहेत. तेच दाराकडे लावून बसलो. संध्याकाळी दोघं आले. काका चढले होते. थरथरत, पण खऱ्या क्रेनवर, शेवटपर्यंत. ताईंनी टाळ्या वाजवल्या. मग काकू म्हणाल्या, मलाही बघू द्या ह्यांचं ऑफिस.

ताईंनी मला काकूंच्या डोळ्यांवर चढवलं आणि केबिनमधून त्यांनी खाली पाहिलं. डोळ्यांभोवतीचा माझा स्पंज भिजला. हा घाम नव्हता.

"जेवणाच्या सुट्टीत एवढ्या उंचावरून फोनवर बोलायचात माझ्याशी? आणि मी आपली सांगायचे, येताना दूध आणा."

"त्यासाठीच तर उतरायचो," काका म्हणाले.

आता माझा पट्टा सैल झालाय, नवे हलके हेडसेट आलेत. मला उन्हात ठेवू नका, भिंगांतून ऊन शिरून आतला पडदा जळतो. मऊ कापडाने पुसत जा. पण मला काढताना कुणाचे डोळे ओले दिसले, तर माझी काळजी नंतर करा. आधी त्यांच्याजवळ बसा.