बेचाळिसाव्या दिवसाचं नाव

बेचाळिसाव्या दिवशी दुपारी अडीचची वेळ मिळाली होती, आणि एरलिसच्या बाळाला अजून नाव नव्हतं. सहा आठवडे सगळे त्याला 'बाख' म्हणत होते, म्हणजे नुसतं छोटू. कायद्याला छोटू चालत नाही. जन्मानंतर बेचाळीस दिवसांत नोंद व्हायला हवी, आणि आज शेवटचा दिवस होता.

गाडी सासू चालवत होती. एरलिसच्या नवऱ्याला, गेथिनला, मेंढ्या वीत असताना गोठा सोडता येत नव्हता. निघताना तो एवढंच म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मला काहीही चालेल." पुरुषांना सगळंच चालतं, निस्तरायचं दुसऱ्यांनी.

एरलिस मागे बाळाशेजारी बसून नावं लिहिलेल्या वहीची पानं उलटत होती. पुढे जायची, मागे यायची. ब्लेद्दिन, म्हणजे लांडगा. "मेंढरांच्या घरात लांडगा आणतेस?" म्हणून गेथिन हसला होता. हेविन, म्हणजे उन्हाळ्यातला, आणि पोर जन्मलं गारांच्या पावसात. एमरिस, म्हणजे ज्याला मरण नाही. हे तिला फार आवडलं होतं, पण ज्या घरात चुलीवरच्या फळीवर ग्विलिमचा फोटो होता, तिथे त्याचा अर्थ मोठ्याने सांगायची तिची छाती झाली नाही.

ग्विलिम तिचा थोरला दीर. चार वर्षांपूर्वी डोंगराच्या वरच्या उतारावर चार चाकांची क्वाड बाइक उलटली आणि तो गेला. त्यांच्या दरीत गेलेल्याचं नाव घरात पुढे जन्मणाऱ्या मुलाला मिळतं. कुणी कुणाला विचारतसुद्धा नाही, इतकं ते ठरलेलं असतं. एरलिसला नेमकं तेच नको होतं. आपल्या पोराकडे बघताना लोकांनी दुसऱ्याला शोधावं, तो हसला की त्यांनी डोळे पुसावेत, हे तिला सहन होणार नव्हतं. पण सासूच्या तोंडावर हे बोलायचं कसं?

त्यात दोन आठवड्यांपूर्वी दरीच्या मासिकाने घोळ घातला. हे मासिक गावकरीच काढतात, चॅपलच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत चहा पीत घड्या घालतात. लग्नं, बारशी, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्यात येतं. तिसऱ्या पानावर छापलं होतं, 'गेथिन आणि एरलिसच्या घरी छोट्या ग्विलिमचं स्वागत!' त्या दिवसापासून ब्रेडच्या दुकानात, बसथांब्यावर, जो तो बाबागाडीत वाकायचा आणि "काय ग्विलिमशेठ, झोप झाली का?" म्हणायचा. एरलिस हसायची आणि आतून जळायची. हे सासूचंच काम, असं तिने धरलं होतं. विचारलं मात्र नाही. दोघी एका टेबलावर मूग गिळून जेवत होत्या.

बाजाराच्या गावात पोचल्या तेव्हा अडीचला दहा मिनिटं कमी होती. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर एरलिस बसली, उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"बस गं जरा," सासू म्हणाली. तिचं नाव ग्वेन्डा. "चटई झिजवशील."

एरलिसच्या डोक्यात सणक गेली. "आई, तुम्ही मासिकात नाव द्यायला नको होतं. निदान मला विचारायचं तरी."

ग्वेन्डा तिच्याकडे बघतच राहिली. "मी दिलं?"

"मग कुणी?"

"मला वाटलं तू दिलंस."

"मी कशाला देईन?"

"ओलवेन पोस्ट," दोघी एकदमच म्हणाल्या. ओलवेनने वीस वर्षं पोस्ट सांभाळलं होतं, आता मासिकात गावाच्या बातम्या तीच लिहायची. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनेही कुणाला विचारलं नसणार. नाव ठरलेलंच, विचारायचं काय?

एरलिस धपकन खाली बसली. "म्हणजे तुम्हाला ते नाव नको होतं?"

ग्वेन्डाने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "पहाटे कुत्र्यांना हाक मारायला मी दारात जाते ना, तेव्हा अजून त्याचंच नाव तोंडात येतं. वरून कुणी ओ देत नाही. त्याची मला सवय झालीय. पण त्याच नावाला खालून एखादं पोर 'आलो, आलो' म्हणून धावत आलं, तर मी काय करू?" तिने बंद सोडला. "तू प्रेमाने ठेवलंयस असं वाटलं. म्हणून गेले दोन आठवडे गोठ्यात जाऊन सराव करत होते. बाळ ग्विलिम, बाळ ग्विलिम. मेंढ्या बघत राहतात. जमत नाही गं मला."

एरलिसला रडू आलं, आणि रागही आला. ओलवेनचा, दरीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. या बाईला तिने दोन आठवडे मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. तिने सासूचा हात धरला.

आतून कारकून बाईंनी बोलावलं. चष्मा सावरत त्यांनी विचारलं, "बाळाचं नाव?"

एरलिसने वही उघडली. सगळ्यात खाली, सकाळी घाईघाईने लिहिलेलं एक नाव होतं. "तिरिऑन," ती म्हणाली. मग सासूकडे वळून म्हणाली, "म्हणजे सौम्य. मायाळू."

"गेथिनचं पोर आणि सौम्य?" ग्वेन्डा म्हणाली. "या नावाचा चॅपलच्या आवारात कुणाच्या थडग्यावर दगड आहे का?"

"नाही. काल एकेक दगड वाचून आले."

"थांबा, लिहू नका अजून," ग्वेन्डा कारकून बाईंना म्हणाली. तिने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं, खिडकी उघडली, आणि समोरच्या डोंगराकडे तोंड करून, कुत्र्यांना मारते तशी, पोटातून हाक मारली. "तिरिऑन!"

बाळ दचकून जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं. सगळं कार्यालय त्या रडण्याने दणाणलं. ग्वेन्डाने खिडकी लावून घेतली. तिचे गाल ओले झाले होते, ते तिने पुसले नाहीत.

"ओ दिली त्याने," ती म्हणाली. "लिहा आता."